जिवंत आहे असंच धरून चाला

"गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त." लहानपणापासून पेपरात ही बातमी इतक्यांदा वाचली आहे, की तिच्यातला 'जिवंत' हा शब्द डोळ्यांना दिसेनासाच झाला होता. काडतूस जिवंत म्हणजे नेमकं काय जिवंत? त्याचं उत्तर मला गेल्या शनिवारी टेक्सासमधल्या एका गॅरेजमध्ये मिळालं. कानात बराच वेळ शिट्टी वाजत होती, ती वेगळी.

झालं असं, की इथे आमच्या टीममध्ये एक पंचावन्न वर्षांचे गृहस्थ आहेत. नाव नको, आपण त्यांना काका म्हणू. (तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारतो, इथे तशीच पद्धत आहे.) काकांना रीलोडिंगचा नाद आहे. म्हणजे गोळी उडवून झाली की पितळेची रिकामी पुंगळी जपून ठेवायची, तिच्यात नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवायची, की काडतूस पुन्हा तयार. अमेरिकेत हा कायदेशीर आणि बऱ्यापैकी घरगुती छंद आहे. आपल्याकडे काही जण रविवारी जुनी बुलेट उघडून बसतात (मोटरसायकल हो!), तसंच काहीसं.

आता थोडं टेक्निकल, पण कंटाळू नका. पुंगळीच्या बुडाशी जी छोटी वाटी दिसते, तो प्रायमर. आत काही मिलिग्रॅम स्फोटक मिश्रण असतं. बंदुकीची पिन त्यावर आदळली की ठिणगी उडते आणि दारू पेटते. म्हणजे दारू आणि गोळी काढून घेतली तरी प्रायमर शाबूत असेल तर ती पुंगळी 'रिकामी' नाही. लष्कराचा जुना माल मोडून विकतात, त्यात अशा पुंगळ्या सर्रास मिळतात. गोळी नाही, दारू नाही, प्रायमर मात्र जिवंत.

काकांकडे अशी एक बरणीभर रास होती. पुंगळ्या स्वस्तात मिळाल्या, पण प्रायमर जुने, भरवशाचे नाहीत. मग ते काढायचे कसे? तर आठवडाभर वंगणाच्या तेलात बुडवून ठेवायचे. तेलाने प्रायमर मरतात, हा ठाम समज. मग प्रेसमध्ये एकेक पुंगळी घालून खालून ढकलून प्रायमर बाहेर. मी दांडा ओढायला मदत करत होतो. पहिले चाळीसेक अगदी लोण्यासारखे निघाले. पुढच्या एकाने 'फाट' करून उत्तर दिलं.

कोणाला काही झालं नाही. काकांनी आधीच सक्तीने मला गॉगल घालायला लावला होता, म्हणून आज हे टाइप करतोय. पण कानांवर काही नव्हतं. आणि त्या क्षणानंतर काका जे बोलले ते ऐकून मी जास्त हादरलो. "हा एखादा सुटला असेल, बाकीचे मेलेले आहेत."

मित्रहो, हे वाक्य मी ओळखतो! ऑफिसात दर रिलीजला ऐकतो. 'चाळीस वेळा चाललं' म्हणजे 'सुरक्षित आहे' नव्हे. त्याचा अर्थ इतकाच, की चाळीस वेळा चाललं.

घरी येऊन वाचत बसलो, तेव्हा तेलाच्या समजाची पार हवा गेली. एक तर लष्करी प्रायमरच्या कडेला लाखेसारखा सीलंट लावलेला असतो, तो मुळात तेल-पाणी आत जाऊ नये म्हणूनच. सैनिक पावसात लढतात. दुसरी गंमत अशी, की कारखान्यात हे मिश्रण ओलं असतानाच वाटीत भरतात, कारण ओलं असताना ते शांत असतं, आणि मग वाळवतात. म्हणजे पाण्यात भिजवून 'मारलेला' प्रायमर वाळला की आपण कारखान्याचीच कृती घरी केली! त्यात लष्करी प्रायमर पुंगळीच्या धातूत कडेने दाबून पक्का केलेला असतो, जेणेकरून मशीनगनमध्ये तो निसटू नये. म्हणून तो काढायला जोर जास्त लागतो आणि सुटतो तेव्हा झटक्याने सुटतो. नेमका तो झटकाच आपल्याला नको असतो.

अमेरिकेत दारूगोळा बनवणाऱ्यांची सामी नावाची संस्था १९२६ पासून आहे. तिचा सल्ला एका ओळीचा आहे. जिवंत प्रायमर उपसून काढू नका, योग्य त्या बंदुकीत उडवा आणि मग काढा. म्हणजे रेंजवर जायचं, डोळे-कान झाकायचे, नळी सुरक्षित दिशेला, बिनदारूची पुंगळी चेंबरमध्ये घालून घोडा ओढायचा. उडाला नाही तर लगेच उघडायचं नाही, थांबायचं. जुन्या लष्करी प्रायमरमध्ये बऱ्याचदा पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून उरणारा क्षार हवेतलं पाणी ओढतो आणि नळी गंजते, म्हणून नंतर गरम पाण्याने धुवायची. किंवा प्रायमर चांगला असेल तर काढूच नका. साच्यातली प्रायमर ढकलणारी सुई काढून ठेवली की पुंगळीला आकार देता येतो आणि प्रायमर जागेवर राहतो.

आणि सगळ्यात मोठा विनोद पुढेच आहे. काही जुन्या लष्करी प्रायमरमध्ये पाऱ्याचं संयुग असायचं. तो उडाला की पारा पितळात शिरतो आणि पितळ ठिसूळ होतं. म्हणजे ज्या पुंगळीसाठी एवढा जीव टांगणीला लावायचा, ती पुंगळी मग कामाचीच राहात नाही!

त्याच बरणीत मला .३०३ ची एक पुंगळी सापडली. बुडावर 'के एफ'. किरकी फॅक्टरी! म्हणजे आपली पुण्याची खडकी, १८६९ पासूनचा कारखाना. सातासमुद्रापार गॅरेजमध्ये खडकी भेटल्यावर मला भरून आलं, हे कबूल करतो. तिचा प्रायमर बर्डन पद्धतीचा. बर्डन हा अमेरिकन माणूस, पण त्याची पद्धत अमेरिकेबाहेर जास्त चालली आणि अमेरिकेत चालली बॉक्सर या इंग्रजाची. बर्डनच्या पुंगळीत मधोमध भोक नसतं, त्यामुळे नेहमीची सुई चालत नाही. मग लोक बाहेरून टोचून, उचकटून प्रायमर काढतात. जिवंत प्रायमरला टोचणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पिनही तेच करते.

काकांना मी हे सगळं सोमवारी जेवताना सांगितलं. आधी हसले. मग म्हणाले, "पण पितळ वाया जाईल." यावर माझं मत साधं आहे. काटकसर हा गुण आहे, मीही मध्यमवर्गीय घरातलाच, आमच्याकडे दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालतात. पण जे वाचवायचं त्याची किंमत काही सेंट आणि जे पणाला लावायचं तो डोळा, तेव्हा ती काटकसर नसते, तो निव्वळ हट्ट असतो. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, शनिवारी रेंजवर जाऊ, बरणी घेऊन.

भारतातल्या वाचकांसाठी एक सूचना. हे प्रयोग आपल्याकडे छंद म्हणून करायचे नाहीत, १९५९ चा शस्त्र कायदा आहे. आजोबांच्या ट्रंकेत किंवा माळावर फिरताना जुनं काडतूस सापडलं तर ते साफ करू नका, शोकेसमध्ये ठेवू नका. हात न लावता पोलिसांना कळवा. त्यातला प्रायमर मेला आहे की नाही हे बघून कळत नाही.

पेपरवाले बिचारे बरोबरच लिहीत होते. काडतूस जिवंत असतं. आणि मेल्याची खात्री होईपर्यंत ते जिवंत आहे असंच धरून चालायचं.