गव्हाणीचा हिशेब : यंत्र आधी की काटा आधी?

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव विवेकानंद जन्मोत्सवाच्या महाप्रसादामुळे दूरवर परिचित आहे. हजारो भाविकांची पंगत एकाच वेळी बसते आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढली जाते. गहू, तेल व वांगी यांचे माप आधी ठरविल्याखेरीज एवढ्या पानांना अन्न पुरणे शक्य नाही. परंतु याच पंचक्रोशीतील बहुतेक गोठ्यांत सोयाबीनचे कुटार कवेने आणि ढेप टोपल्याने घातली जाते. गायीपुढे किती टाकले याचा अंदाज असतो. तिने किती खाल्ले, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणाजवळ असतो.

हा हिशेब क्षुल्लक नाही. दूध उत्पादनाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ६० ते ७० टक्के खर्च एकट्या चाऱ्याचा व खुराकाचा असतो. संकलन केंद्रावर दुधाचे वजन व स्निग्धांश यंत्राने मोजले जातात आणि शेतकरी आपली पावती जपून ठेवतो. म्हणजे गोठ्यातून बाहेर जाणारे मोजले जाते आणि आत येणारे मोजले जात नाही. असा व्यापार कोणताही दुकानदार करणार नाही.

गायीचे खाणे आपोआप मोजणारी यंत्रे आज जगात प्रचलित झाली आहेत. त्यांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार काट्यावर बसविलेल्या गव्हाणीचा. गायीच्या अंगावरील खुणेची चकती रेडिओ लहरींनी ओळखली जाते व ती गाय किती वाजता आली, किती वेळ थांबली आणि किती किलो खाऊन गेली, याची नोंद होते. ही पद्धत महाग असल्याने मुख्यतः संशोधन केंद्रांत वापरली जाते. दुसरा प्रकार गळ्यातील पट्ट्याचा अथवा कानातील बिल्ल्याचा. इस्राएलमध्ये पट्ट्यात ध्वनिग्राहक बसवून रवंथाचा आवाज टिपण्याची पद्धत निघाली. आता बहुतेक पट्टे मानेची हालचाल मोजून खाणे, रवंथ व विश्रांती यांचा काळ निराळा काढतात.

रवंथाला इतके महत्त्व का द्यावे, हे समजून घेतले पाहिजे. निरोगी गाय दिवसाच्या २४ तासांत साधारणतः ७ ते ९ तास रवंथ करते. रवंथ करताना सुटणारी लाळ पोटातील आम्लता आटोक्यात ठेवते. गाय माजावर आली, विण्याची वेळ जवळ आली, पोट बिघडले किंवा कासदाह होऊ लागला, की रवंथाचा काळ घटतो. कित्येकदा ही घट दूध कमी होण्यापूर्वीच दिसून येते. व्यालेल्या गायीचा रवंथ काही दिवसांत पूर्ववत झाला नाही, तर ती संकटात आहे असे समजावे. दूध आटल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी इशारा मिळणे केव्हाही हिताचे. माजाची एक वेळ चुकली, तरी सुमारे २१ दिवस वाया जातात.

यावर जुने जाणते शेतकरी म्हणतील, की गाय बिघडली हे घरच्या माणसाला डोळ्यानेच कळते. हे म्हणणे खोटे नाही. धार काढणाऱ्या व वैरण घालणाऱ्या गृहिणीला गायीचा स्वभाव जितका ठाऊक असतो, तितका कोणत्याही यंत्राला नसतो. परंतु रवंथाचा मोठा भाग रात्री होतो आणि त्या वेळी घर झोपलेले असते. शिवाय दोन गायींवर ठरणारी नजर वीस गायींवर ठरत नाही. यंत्र नजरेची जागा घेत नाही. ते नजर कोठे वळवावी एवढेच सांगते.

तथापि यंत्राच्या मर्यादाही शेतकऱ्यापासून लपवू नयेत. पट्टा वेळ मोजतो, वजन नव्हे. गाय चार तास खात होती एवढे तो सांगेल. पोटात किती किलो गेले, हे निश्चित सांगणार नाही. या यंत्रांच्या बऱ्याचशा कसोट्या परदेशी जातींच्या, गोठ्यात बांधलेल्या गायींवर झाल्या आहेत. पूर्णाथडी म्हैस किंवा दिवसभर चरावयास जाणारी गावरान गाय यांच्यावर त्यांचे आकडे पडताळून पाहिल्याखेरीज भरवसा ठेवू नये. आणि ज्या गोठ्यात रात्रभर पाणीच नाही, तेथे पट्टा बांधून गायीचे दुःख नुसते लिहून ठेवण्यापलीकडे काय साधणार?

म्हणूनच दोन-चार जनावरांच्या शेतकऱ्याला प्रथम पट्ट्याच्या अनुदानाची नव्हे, तर काट्याची गरज आहे. एक ताणकाटा, एक वही व एक घड्याळ एवढ्यावर कामास आरंभ होतो. ४०० किलो वजनाच्या संकरित दुधाळ गायीला वजनाच्या अडीच ते तीन टक्के, म्हणजे १० ते १२ किलो शुष्क पदार्थ रोज लागतो. २० किलो हिरव्या मक्यातून सुमारे ४ किलो, ४ किलो कुटारातून ३.६ किलो आणि ३ किलो खुराकातून २.७ किलो असा १०.३ किलो शुष्क पदार्थ मिळतो. सकाळी गव्हाणीत उरलेली वैरण तोलून वजा करावी; उरेल ती बाकी गायीचे खरे खाणे. दुपारी गाय निवांत बसली असता एका घासाला ती किती वेळा चावते, हे मोजावे. चांगली गाय साधारण ५० ते ६० वेळा चावते. हा आकडा एकाएकी उतरला, तर पशुवैद्यकाला वेळीच कळवावे.

यंत्राची जागा यानंतर येते. हिवरा आश्रम येथे विवेकानंद कृषी महाविद्यालय आहे. अशा संस्थांनी आपल्या जनावरांवर पट्टे वापरून त्यांचे आकडे ताणकाट्याच्या नोंदींशी ताडून पाहावेत आणि निष्कर्ष गावासमोर मांडावेत. २०१६ साली सुरू झालेल्या विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाने या भागात दुधाला बाजार मिळवून देण्याचे काम हाती घेतले. आता गोठ्यातील हिशेबाकडे लक्ष वळले पाहिजे. गावच्या दूध संस्थेने दहा-बारा पट्टे सामाईक घेऊन ते विण्याच्या बेतातील गायींना पाळीपाळीने बांधावेत. सर्वांत मोठा धोका त्याच काळात असतो. प्रत्येक नोंद जनावराच्या कानातील बिल्ल्यावरील १२ अंकी क्रमांकाशी जोडावी आणि ती नोंद पाहण्याचा पहिला हक्क गायीच्या मालकाचा असावा.

ग्रामकार्यकर्त्यांनी यंत्राचे चित्र दाखवून गावाला दिपवू नये. प्रत्येक गावी पाच गोठे निवडावेत, पंधरा दिवस वैरण तोलून द्यावी, उरलेली तोलून लिहावी आणि ती वही दुधाच्या पावतीशेजारी ठेवून घरच्या सर्वांसमोर वाचावी. ज्या घरात ही वही लिहिली जाईल, त्या घराला उद्या यंत्राचा आकडाही कळेल. जेथे वही नाही, तेथे यंत्र केवळ गायीच्या गळ्यातले एक ओझे ठरेल.