गाणं सॉलोमन लिंडाचं

१९३० च्या दशकात झुलूंच्या मुलखातून जोहान्सबर्गकडे तरुणांची रीघ लागली होती. कुणी सोन्याच्या खाणीत लागे, कुणी कारखान्यात, कुणी हॉटेलात भांडी घासायला. बायकोमुलं बहुतेकांची गावीच. काळ्यांना सक्तीने बाळगावा लागणारा पास खिशात नसला तर पोलीस भर रस्त्यात धरून नेत. राहायला पुरुषांची हॉस्टेलं, एकेका खोलीत कित्येक जण. आठवडाभर राबून ही माणसं शनिवारी रात्री कडक इस्त्रीचे सूट चढवायची, बूट लखलखीत करायची आणि एखाद्या हॉलमध्ये गायला उभी राहायची. हाताशी वाद्य नाही, नुसते गळे. संघांच्या स्पर्धा लागायच्या आणि त्या उजाडेपर्यंत चालायच्या. परीक्षक म्हणून चक्क रस्त्यावरून एखादा गोरा माणूस धरून आणत. त्याला ना भाषा कळायची, ना कुठल्या संघाशी त्याचं सोयरसुतक, म्हणजे निकाल सरळ लागणार! बक्षिसात कधी कधी बकराही असे.

आपल्या गिरणगावातल्या गाळ्यांमधून पाळी संपवून भजनाला बसणारे कोकणी गिरणी कामगार इथे कुणालाही आठवतील. घर सोडून आलेल्या पुरुषांना गाणं लागतंच.

या हॉस्टेलांच्या आणि हॉलच्या जगात सॉलोमन लिंडा नावाचा एक उंच, नीटनेटका तरुण होता. जन्म १९०९ चा, झुलू मुलखातल्या म्सिंगा भागातला. लहानपणी गुरं राखली, मिशनच्या शाळेत शिकला, तिथे चर्चची भजनं कानावर पडली. तो जे गात होता त्यात आणखीही एक पाणी मिसळलेलं होतं. १८९० च्या दशकात अमेरिकेतले काळे गायक ऑर्फियस मकॅडू यांच्या मंडळीबरोबर दक्षिण आफ्रिकेत हिंडले होते. त्यांची गायकी इथल्या लोकांनी उचलली आणि लग्नांतल्या गाण्यांमध्ये, गावच्या सुरांमध्ये बेमालूम मिसळून टाकली. म्हणजे अमेरिकेतून आफ्रिकेत काही आलं होतं, आणि त्याबद्दल कुणी कुणाचं काही लागत नव्हतं. संगीत असंच वाढतं. माझं भांडण या देवाणघेवाणीशी नाही.

लिंडाने आपला संघ उभा केला, ओरिजिनल इव्हनिंग बर्ड्स. गाणारे सहा. पण मांडणी त्याची स्वतःची. सहांतले तिघे खर्जात, तीन गळ्यांची जाड भिंतच म्हणा, आणि त्या भिंतीवर अगदी वर, बायकी वाटावा अशा पट्टीत, एकट्या लिंडाचा आवाज. मधे दोन आवाज पूल बांधल्यासारखे. खर्ज दुप्पट-तिप्पट करण्याची ही कल्पना पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या या प्रकारच्या समूहगायनाचा पाया ठरली.

पुढे लिंडाला जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीत रेकॉर्डी बांधण्याची नोकरी मिळाली. त्याच कंपनीच्या स्टुडिओत १९३९ साली ग्रिफिथ्स मोत्सिएलोआ या काळ्या निर्मात्याने इव्हनिंग बर्ड्सना माइकसमोर उभं केलं. गाणं होतं ‘म्बुबे’, म्हणजे सिंह. गुरं राखतानाच्या दिवसांतला सिंह. दोन वेळा ध्वनिमुद्रण झालं, मनासारखं जमलं नाही. तिसऱ्या वेळी गाणं संपत आलेलं असताना लिंडाने ठरवलेलं सगळं सोडलं आणि ऐन वेळी सुचलेली एक चाल गाऊन टाकली. कागदावर ती कधीच लिहिलेली नव्हती.

ही रेकॉर्ड आज सहज ऐकायला मिळते. जेमतेम पावणेतीन मिनिटांची. हेडफोन लावून ऐकावी. पियानो, गिटार आणि बँजो मागे साधीशी साथ धरतात, कॉर्ड बदलतात त्या तीनच. खर्जातले तिघे एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवतात, आणि वरून लिंडा शब्द नसलेली आरोळी देतो. ती आरोळी कधी हाकेसारखी लागते, कधी विव्हळल्यासारखी. तुम्ही त्या आवाजात गुंतत जाता, आणि मग शेवटच्या काही सेकंदांत ती चाल येते. कानाला ती परकी वाटतच नाही. डिस्नेच्या ‘लायन किंग’मध्ये टिमॉन आणि पुंबा रानातून जाताना जे गातात, ते हेच! माझ्या भाचीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात छोट्या मुलांनी शेपट्या लावून या चालीवर नाच केला होता, आणि ती मुलं त्यात इतकी रमली होती की ऐंशी वर्षांनंतरही त्या चालीत केवढी ताकद आहे हे मला समोर दिसत होतं. कार्यक्रमपत्रिकेवर मात्र फक्त ‘डिस्ने’ छापलेलं होतं.

हे कसं झालं? १९४० च्या दशकाअखेर ‘म्बुबे’च्या एक लाखाच्या आसपास प्रती आफ्रिकेत खपल्या होत्या. एक प्रत न्यूयॉर्कला लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांच्या हाती लागली आणि त्यांच्याकडून लोकगायक पीट सीगर यांच्याकडे गेली. सीगरनी कानाने ऐकून गाणं उतरवलं. झुलू बोल त्यांना ‘विमोवे’ असे ऐकू आले आणि तेच नाव पडलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या वीव्हर्स या गटाने ते गाजवलं. रेकॉर्डवर श्रेय होतं पॉल कॅम्पबेल यांना. असा माणूसच नव्हता. वीव्हर्स मंडळींचं ते टोपणनाव होतं. १९६१ मध्ये टोकन्स या गटाने त्याला जॉर्ज वाइस यांचे इंग्रजी शब्द घालून गायलं, लिंडाने शेवटच्या क्षणी सोडलेली ती चाल मुख्य केली, आणि ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर दीडशेहून जास्त गायकांनी आणि गटांनी ते गायलं.

लिंडाने आपले हक्क गॅलोला विकले होते ते दहा शिलिंगांना.

सीगर हा सज्जन माणूस होता आणि ते मी मनापासून म्हणतो. मूळ गायकाला पैसे गेले पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता, त्यांनी स्वतःहून हजार डॉलरचा चेकही पाठवला होता. पण एका सज्जन माणसाच्या चेकने काय होणार? मुळात प्रकाशकांच्या लेखी आफ्रिकेतून आलेलं गाणं म्हणजे रानात उगवलेलं, मालक नसलेलं. लोकसंगीत म्हटलं की गाणारा गायब होतो. इथे तर गायकाचं नाव रेकॉर्डच्या लेबलवर छापलेलं होतं, तो हयात होता, नोकरीला होता, त्याच कंपनीत रेकॉर्डी बांधत होता. विचारायचंच असतं तर पत्ता शोधायला एक पत्र पुरलं असतं.

१९६२ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने लिंडा गेला. बँकेत पंचवीस डॉलरसुद्धा नव्हते. बायकोला त्याच्या थडग्यावर दगड बसवायला अठरा वर्षं लागली.

२००० साली दक्षिण आफ्रिकेचे पत्रकार रायन मलान यांनी ‘रोलिंग स्टोन’ मासिकात ही सगळी साखळी कडी-कडीने उलगडून दाखवली. एकट्या ‘लायन किंग’मधल्या वापराची किंमत त्यांनी दीड कोटी डॉलरच्या घरात धरली होती. पुढची लढाई ओवेन डीन या वकिलांनी एका जुन्या कायद्याच्या आधारे लढवली. ब्रिटिश साम्राज्याच्या १९११ च्या कॉपीराइट कायद्यात एक कलम होतं: लेखकाने हक्क विकलेले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते वारसांकडे परत येतात. म्हणजे १९८७ पासून गाणं लिंडाच्या मुलींचं होतं. २००४ मध्ये दावा दाखल झाला आणि कोर्टाने डिस्नेच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रेडमार्कवर टाच आणली. ज्या साम्राज्याने लिंडाला पास बाळगायला लावला त्याच साम्राज्याचा कायदा त्याच्या मुलींच्या कामी आला, याचा मला आनंद होतो. फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकेत हक्क बाळगून असलेल्या अबिलीन म्युझिकशी तडजोड झाली. रक्कम जाहीर झाली नाही. सहसंगीतकार म्हणून सॉलोमन लिंडाचं नाव घालणं मात्र ठरलं.

आता पैशांच्या पलीकडची गोष्ट, आणि माझ्या मते लिंडाची खरी थोरवी तीच. त्याच्या गाण्यावरून त्या अख्ख्या गायनप्रकारालाच म्बुबे म्हणू लागले. दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम माकेबांनी १९६० च्या आपल्या पहिल्या अमेरिकी आल्बममध्ये ते गाणं झुलूतूनच गायलं. त्याच वर्षी त्यांच्या सरकारने त्यांचा पासपोर्ट रद्द केला. हॉस्टेलांमध्ये म्बुबेतून पुढे इसिकाथामिया नावाची गायकी तयार झाली. आवाज मऊ, पावलं चवड्यांवर, हलकी. पहारेकऱ्यांची झोप मोडू नये म्हणून ही पावलं आली, असं गाणारे सांगतात. लेडीस्मिथजवळच्या शेतमजुराचा मुलगा जोसेफ शबालाला याने १९६० च्या दशकात आपल्या भावंडांना, चुलतभावांना घेऊन संघ काढला आणि नाव ठेवलं लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो. लेडीस्मिथ हे गाव, ब्लॅक म्हणजे नांगराचे तगडे काळे बैल, माम्बाझो म्हणजे कुऱ्हाड. पुढे स्पर्धांमध्ये हे इतके जिंकू लागले की त्यांना स्पर्धेत उतरायला बंदी झाली, फक्त गायला या म्हणाले! ऐकून पाहा: तीच खर्जाची भिंत, त्यावर तोच एकटा उंच आवाज. लिंडाचीच बांधणी, फक्त निवांत केलेली.

१९८५ मध्ये अमेरिकेचा गायक पॉल सायमन जोहान्सबर्गला गेला. वर्णद्वेषी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार चालू असताना तो गेला म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली, आणि त्या टीकेत तथ्य होतं. पण एका बाबतीत त्याने वेगळं वागून दाखवलं. जोहान्सबर्गच्या वादकांना त्याने न्यूयॉर्कच्या दराच्या तिप्पट मोबदला दिला. शबालालांच्या संघाबरोबर लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्याने ‘होमलेस’ ध्वनिमुद्रित केलं. १९८६ च्या ‘ग्रेसलँड’ आल्बमवर त्या गाण्यासमोर गीत-संगीतकार म्हणून दोन नावं छापलेली आहेत: पॉल सायमन आणि जोसेफ शबालाला.