आग गावात, बंब शहरात

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन शेजारी तालुक्यांत आगीला हवे ते सारे इंधन एकत्र आले आहे. चासकमानच्या आणि नव्या मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस, यवत-केडगाव पट्ट्यातील गुऱ्हाळे, रांजणगावचे कारखाने आणि कुरकुंभची रासायनिक वसाहत. ही आग विझविणाऱ्या माणसांविषयीचे आपले सार्वजनिक ज्ञान मात्र लाल गाडी आणि घंटा यांपलीकडे गेलेले नाही. ‘बंबाने आग आटोक्यात आणली’ असे वृत्तपत्रे छापतात. बंब आग विझवीत नाही. तो केवळ पाणी वाहून आणतो.

आणि ते पाणी तरी किती? ४५०० लिटरचा बंब एका नळीतून मिनिटाला ४५० लिटर सोडू लागला, की दहा मिनिटांत रिकामा होतो. म्हणून वर्दी मिळताच जाणत्या फायरमनच्या मनात आगीआधी पाण्याचा हिशेब सुरू होतो: वाटेत कोणती विहीर उन्हाळ्यातही आटत नाही, कालव्याचे आवर्तन चालू आहे की बंद, कोणत्या बांधावरून भरलेली गाडी रुतल्याशिवाय जाईल. हा हिशेब कोणत्याही दफ्तरात नसतो.

उसाच्या फडाला आग लागते ती पुष्कळदा वरून. लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासतात आणि ठिणगी पाचटावर पडते. अशा फडावर सरसकट पाणी मारणे म्हणजे ते वाया घालविणेच होय. अनुभवी माणूस वाऱ्याची दिशा पाहतो, आगीच्या पुढच्या काही सऱ्या तोडून पाचट ओढून घेण्यास सांगतो आणि हाताशी असलेले थोडे पाणी ती मोकळी पट्टी राखण्यासाठी वापरतो. जळलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्याचे वजन व साखर दोन्ही घटतात, आणि कारखाना दरात कपात करतो ती वेगळीच. तेव्हा वाचलेली प्रत्येक सरी ही शेतकऱ्याच्या घरातील रोकड असते.

कुरकुंभसारख्या ठिकाणी हेच ज्ञान उलटे फिरवावे लागते. तेथे पहिला प्रश्न ‘आग कोठे आहे’ हा नसून ‘पिंपात काय आहे’ हा असतो. पाण्याहून हलके द्रावण पाण्यावर तरंगते आणि आग शेजारच्या शेडपर्यंत वाहून नेते. तेथे फेसच हवा. सोडियमसारख्या धातूवर पाणी पडले तर हायड्रोजन निघून भडका उडतो. गळता वायू बंद करता येत नसेल तर त्याची ज्योत घाईने विझवू नये, कारण न जळता साचलेला वायू अधिक घातक असतो. बंद दार तळहाताने नव्हे, हाताच्या मागच्या बाजूने चाचपावे. धूर वर चढतो म्हणून आत सरपटत जावे. पुस्तकात या गोष्टी एका परिच्छेदात मावतात. अंगात मुरायला वर्षे जातात.

अर्थशास्त्राच्या रूढ हिशेबात अशा श्रमाची कुचंबणा होते. कामाचे मोजमाप वर्द्यांच्या संख्येवरून होते आणि ठाण्यात सज्ज बसलेला माणूस रिकामा ठरतो. वास्तविक समाज किंमत देतो ती या सज्जतेचीच. तिला रिकामटेकडेपण मानले, की अनेक छोट्या नगरपालिकांत दिसते तशी कंत्राटी भरती ओघानेच येते. कंत्राट संपते, माणूस जातो आणि त्याच्याबरोबर विहिरींचा तो अलिखित नकाशाही जातो.

मूळ गाठ घटनेतच पडली आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांचा विषय केला. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत तो नाही. ऊस मात्र ग्रामपंचायतींच्या हद्दीत उभा असतो! महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतींच्या मालकांवर व भोगवटादारांवर जबाबदारी टाकली. परवानाधारक संस्थेने जानेवारीत व जुलैत यंत्रणेचा दाखला द्यावा, अशी तरतूद केली. याच जिल्ह्यात मुळशी तालुक्यातील उरवडे येथे ७ जून २०२१ रोजी रसायनांच्या कारखान्यात पंधराहून अधिक कामगार जळून मेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. कागदावरची सुरक्षितता आणि कामगाराच्या वाट्याला येणारी सुरक्षितता यांतील अंतर याहून स्पष्ट करून सांगण्याची गरज नसावी.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट होऊन अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस पाळला जातो. त्याच दिवशी डॉ. आंबेडकरांची जयंती असते, आणि १९४४ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. योगायोगच तो; पण अग्निशमनाकडे मजुराच्या हक्काचा प्रश्न म्हणून पाहण्याची आठवण त्या दिवशी तरी कोणाला व्हावी.

नगरपालिकेच्या तुटपुंज्या निधीतून गावच्या फडाचे रक्षण व्हावे ही अपेक्षा न्याय्य नाही. गळीत हंगामाआधी जिल्हा परिषदेने मोठ्या ऊसगावांच्या गटासाठी एक बंब आणि कायम वेतनावरील माणसे ठेवावीत. विहिरींची व रस्त्यांची नोंद स्थानिक फायरमनकडून करून घ्यावी. पैशाची सबब सांगितली जाईल. टनामागे निरनिराळ्या निधींसाठी कपाती होतातच. त्यांत बंबाचे एक नाव घालण्यास कोणत्या नियमाची आडकाठी आहे, हे पुण्याच्या साखर संकुलाने सांगावे.