विश्लेषण : बीपीची गोळी ‘पाच’ची की ‘दहा’ची? डोस ठरतो कसा?

‘पाचने काही फरक पडत नाही, दहाची द्या.’ ‘आता बरं वाटतंय, अर्धीच घेतो.’ जिल्ह्यातल्या कोणत्याही मेडिकलच्या काउंटरवर तासभर थांबलं, की ही दोन्ही वाक्यं कानावर पडतात. दोन्हींमागचा समज एकच : गोळीची ‘पॉवर’ वाढवली की बीपी तेवढं जास्त उतरतं आणि निम्मी केली की परिणामही निम्मा होतो. प्रत्यक्षात औषध असं वागत नाही. आयसीएमआर-इंडियाब या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातल्या 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे हा गैरसमज फार मोठ्या संख्येने लोकांच्या अंगावर येणारा आहे.

डोस दुप्पट, तर परिणाम दुप्पट?

नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 2003 मध्ये 354 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. बीपीच्या एका औषधाच्या नेहमीच्या डोसने वरचा आकडा सरासरी 9 अंकांनी उतरला आणि त्याच्या निम्म्या डोसने 7 अंकांनी. परिणामाचा आलेख सुरुवातीला झपाट्याने वर जातो आणि मग सपाट होत जातो. अनेक औषधांचे दुष्परिणाम मात्र डोसबरोबर वाढत राहतात. अॅम्लोडिपिनमुळे घोट्याला येणारी सूज पाचपेक्षा दहा मिलिग्रॅमवर जास्त दिसते. ती पाहून माणूस घाबरतो आणि गोळीच बंद करतो.

म्हणून एकाच गोळीची ताकद वाढवण्यापेक्षा दुसऱ्या प्रकारचं औषध कमी डोसमध्ये जोडणं बहुतेकांना जास्त लागू पडतं. 2009 मधल्या दुसऱ्या एका आढाव्यानुसार, डोस दुप्पट केल्याने जेवढी जादा घट मिळते, त्याच्या सुमारे पाचपट घट दुसरं औषध जोडल्याने मिळते. ‘दोन गोळ्या सुरू झाल्या म्हणजे आजार वाढला’ ही घरोघरी असलेली भीती म्हणूनच बाजूला ठेवायला हवी. 2025 मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘टॉपस्पिन’ चाचणीत भारतातल्या सुमारे 2000 रुग्णांना दोन औषधं एकाच गोळीतून दिली गेली. अशा तीन वेगवेगळ्या जोड्या तपासल्या, तिन्हींचा परिणाम सारखाच निघाला आणि जवळपास 70 टक्के रुग्णांचं बीपी 140/90 च्या खाली आलं.

डॉक्टर मंडळींनाही हे एका दिवसात उमगलं नाही. 1960 च्या दशकात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड दिवसाला 100 मिलिग्रॅम दिलं जाई. आज 12.5 ते 25 पुरतात. कॅप्टोप्रिल सुरुवातीला दिवसाला 450 मिलिग्रॅमपर्यंत दिलं गेलं. लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, पांढऱ्या पेशी घटल्या आणि औषधाचं नाव खराब झालं. डोस खाली आणल्यावर तेच औषध वर्षानुवर्षं वापरात राहिलं.

पहिली पायरी कोणती, पुढची कधी?

नोव्हेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. त्यात औषधांची एक साधी शिडी ठरवली गेली. क्रम राज्यागणिक थोडा बदलतो; पण ढोबळमानाने आधी अॅम्लोडिपिन 5, महिन्याने मोजणी, बीपी अजून 140/90 किंवा त्यावर असेल तर टेल्मिसार्टन 40, मग डोसवाढ आणि गरज पडल्यास क्लोर्थॅलिडोन. सुरुवातीचं बीपी खूपच जास्त असेल, तर डॉक्टर पहिल्याच दिवशी दोन औषधं देऊ शकतात.

महिना कशासाठी? अॅम्लोडिपिन रक्तात स्थिरावायला आठवडाभर लागतो, टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला चार आठवडे. चौथ्या दिवशी मोजून डोस वाढवणं म्हणजे पेरल्यावर लगेच माती उकरून पाहणं. मोजणीही नीट हवी : पाच मिनिटं शांत बसून, आधी अर्धा तास चहा-तंबाखू टाळून, दोनदा. धावतपळत आल्यावर घेतलेल्या एका आकड्यावर डोस वाढला, तर पुढे चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. वयस्कर रुग्णांचं बीपी उभं करूनही पाहावं. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं. गर्भवतींना ते देऊच नये.

गाडं अडतं कुठे?

त्या ‘महिन्याने’ या शब्दावर. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ऑक्टोबरमध्ये गोळी सुरू झालेला मजूर पुढची मोजणी करणार कुठे? पाच मिलिग्रॅमवर बीपी उतरलं का, हे न कळताच हंगाम सरतो. त्यात अंगदुखीसाठी कोप्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बीपी वाढवतात आणि टेल्मिसार्टनसोबत घेतल्यास मूत्रपिंडावर ताण आणतात.

याला उपाय नाही असं नाही. याच उपक्रमात ‘सिम्पल’ नावाचं अॅप आणि क्यूआर कोड असलेलं बीपी कार्ड वापरलं गेलं. कार्ड स्कॅन केलं की रुग्णाचे आधीचे आकडे आणि औषधं समोर येतात. असं कार्ड टोळी निघण्याआधी हातात पडलं आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात चाललं, तर शिडी मध्येच तुटणार नाही. जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. बीपी मोजायला दर वेळी डॉक्टरच हवा असं नाही, हे या जिल्ह्याला नव्याने सांगायची गरज नाही. आरोग्य विभागाने गाळप हंगामाच्या आधी, सप्टेंबरातच, या तालुक्यांतल्या रुग्णांचा डोस ठरवून टाकावा. ज्यांचं बीपी आटोक्यात आलं आहे त्यांनाच तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. बाकीच्यांची मोजणी आरोग्य पथकाने तळावर जाऊन करावी.

तोवर रुग्णाने आपल्या मनाने गोळी अर्धी किंवा दुप्पट करू नये. चक्कर, पायाला सूज किंवा जुलाब-उलट्या होत असतील, तर आकडे लिहिलेला कागद घेऊन डॉक्टरांना गाठावं. अॅटेनोलॉल, क्लोनिडिनसारख्या गोळ्या तर एकाएकी मुळीच सोडू नयेत. बीपी आधीपेक्षाही वर उसळू शकतं. छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं यांपैकी काही दिसलं, तर जादा गोळी घेऊन वाट पाहत बसू नये, 108 ला फोन करावा.