पारख आधी, पैसा नंतर

आपल्याकडे वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींची खरी पारख सर्वांत शेवटी होते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असले की दार उघडते. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) पेपर, वैद्यकीय तपासणी, दोनशे तासांचे उड्डाण, व्यावसायिक परवाना आणि त्यावर एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चे टाइप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान उडवण्याची पात्रता. एवढे पार पडेपर्यंत घरातून पन्नास-साठ लाख रुपये गेलेले असतात, काही मार्गांनी तर कोटीच्या घरात. कुठे शेत विकलेले असते, कुठे राहते घर बँकेकडे गहाण असते. त्यानंतर विमान कंपनीच्या भरतीत उमेदवाराला संगणकासमोर बसवले जाते आणि एका वेळी दोन-तीन कामे सांभाळताना त्याचे भान टिकते का, हे पहिल्यांदा तपासले जाते. उत्तर नकारार्थी आले तर कर्ज मात्र तसेच राहते. हा क्रमच उलटा आहे. भरती परीक्षांच्या तयारीविषयी बोलताना पहिली गोष्ट हीच सांगायला हवी, कारण तयारीचे वर्ग चालवणारा कोणीही ती सांगत नाही.

हा विषय आज लावून धरण्याचे कारण म्हणजे मोठ्या आकड्यांचे आकर्षण. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची खरेदी जाहीर केली, त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची. पुढील पंधरा-वीस वर्षांत देशाला तीस हजार वैमानिक लागतील, असे केंद्र सरकार सांगते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि वैमानिक कमी आहेत हे प्रवाशांनी विमानतळावर ताटकळत अनुभवले. तरीही परवाना हातात असलेले शेकडो तरुण घरी बसून आहेत. डीजीसीएने एकट्या २०२३ मध्ये सोळाशेहून अधिक व्यावसायिक परवाने दिले. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक याच रांगेत उभे राहिले आणि दोनशे तासांचा नवखा मागे ढकलला गेला. कंपन्यांना माणसे हवी आहेत हे खरे. पण परवाना ही त्यांच्या लेखी केवळ रांगेत उभे राहण्याची परवानगी असते.

हवाई दल हे सगळे नेमके उलट करते. तिथे उड्डाण शाखेत जाऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराची निवड मंडळातच संगणकीय वैमानिक निवड चाचणी होते. सरकारचा एक रुपयाही त्याच्या प्रशिक्षणावर खर्च होण्याआधी हात, डोळे आणि मेंदू यांचा मेळ तपासला जातो. ही संधी आयुष्यात एकदाच मिळते. नागरी क्षेत्रातही अमेठी जिल्ह्यातील फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी लेखी परीक्षा आणि मुलाखतीबरोबर वैमानिक-क्षमता चाचणी घेऊनच प्रवेश देते. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनाही आधी चाचणी घेतात, पण त्यांचे शुल्क मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरचे असते. उरलेल्या बहुसंख्य मुलांना खासगी प्रशिक्षण संस्थेच्या दारात एकच परीक्षा द्यावी लागते, ती म्हणजे धनादेश वटण्याची.

या क्षमता चाचण्यांत असते काय? कंपास, अडॅप्ट, कट-ई अशा नावांनी त्या ओळखल्या जातात. कंपनीगणिक संच बदलतो, गाभा तोच. जॉयस्टिकने पडद्यावरचा बिंदू धरून ठेवायचा, त्याच वेळी कानावर पडणारे आकडे लक्षात ठेवायचे; उपकरणांची चित्रे पाहून विमान कोणत्या बाजूला कलले आहे, कोणत्या दिशेला चालले आहे हे क्षणात सांगायचे; कागद-पेन्सिल न घेता हिशेब करायचे. यातला शेवटचा भाग सरावाने निश्चित सुधारतो, आणि तो नुसता परीक्षेपुरता नाही. ३६ हजार फुटांवरून उतरायला सुरुवात कुठे करायची? हजारांचा आकडा तिनाने गुणा: सुमारे १०८ सागरी मैल आधी. धावपट्टीकडे तीन अंशांच्या उतारावर येताना जमिनीसापेक्ष वेग १४० नॉट असेल तर दर मिनिटाला किती फूट खाली यायचे? पाचाने गुणा: ७००. धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करून २० नॉटचा वारा असेल तर आडवा वारा त्याच्या निम्मा, १० नॉट. लहानपणी पाढे पाठ केलेल्या मराठी मुलाला याचे भय वाटायला नको. एका वेळी अनेक कामे सांभाळण्याची क्षमता मात्र सरावाने थोडी वाढते आणि मग एका पातळीवर थांबते. ती पातळी कुठे आहे, हे शेत विकण्याआधी कळले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चाचणी हा अंतिम निवाडा नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. अठराव्या वर्षी घाबरलेला मुलगा विसाव्या वर्षी स्थिरावतो. हवाई दलाचा ‘एकदाच’ हा नियम त्या दलापुरता ठीक आहे. नागरी क्षेत्रात वर्षभराने पुन्हा बसण्याची मुभा हवी आणि निकाल सल्ला म्हणून हाती यायला हवा. निकाल पाहूनही एखाद्या कुटुंबाने धाडस करायचे ठरवले, तर ते डोळे उघडे ठेवून केलेले धाडस असेल.

सिम्युलेटरमधील परीक्षा या संगणकीय चाचण्यांनंतर येते. इथे उमेदवाराकडून ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर बंद करून, नुसत्या मूळ उपकरणांवर विमान उडवून घेतात. मग आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांच्या आधारे, उतरणे, कधी उड्डाण घेताना एक इंजिन बंद पाडणे. सेसना-१५२ किंवा १७२ वर शिकलेल्या मुलाला ए-३२० चा वेग झेपेलच असे परीक्षकही गृहीत धरत नाही. तो पाहतो की चूक झाल्यावर उमेदवार ती ओळखतो का, सुधारतो का आणि शेजारी बसलेल्याला सांगतो का. भाड्याच्या सिम्युलेटरवर दोन-चार तास घालवून याची ओळख होते आणि ते पैसे वाया जात नाहीत.

खरा कस लागतो तो गटचर्चेत आणि मुलाखतीत, आणि नेमकी हीच पायरी आपल्याकडे सर्वांत हलकी समजली जाते. पाच-सहा उमेदवारांना एक कोडे देतात, वेळ कमी असतो, मध्येच नवी माहिती टाकून सगळे गणित बिघडवतात. बरोबर उत्तराला फारशी किंमत नसते. कोण दुसऱ्याचे ऐकून घेतो, कोण घड्याळाकडे लक्ष ठेवतो, कोण गप्प बसलेल्याला बोलते करतो आणि सगळे चुकीच्या दिशेने धावत असताना ‘थांबा’ म्हणण्याचे धैर्य कोणात आहे, हे टिपले जाते. हे कशासाठी तपासायचे, याचे उत्तर मंगळूरमध्ये आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान तिथल्या पठारावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ जणांचा मृत्यू झाला, आठ जण वाचले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत जे पुढे आले ते आजही अंगावर येते: मुख्य वैमानिक प्रवासातील बराच काळ झोपलेला होता, उतरताना विमान फार उंच होते, सहवैमानिकाने तीन वेळा पुन्हा वर जाण्यास सांगितले, यंत्रणेचे इशारेही वाजत होते, तरी उतरण्याचा हट्ट सुटला नाही. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिकोडला मुसळधार पावसात तसेच घडले. धावपट्टीच्या मध्यावर विमान टेकले. शेजारच्या वैमानिकाने वर जाण्यास सांगितल्याचे अपघात तपास संस्थेने नोंदवले आहे.

दोन्ही वेळी माहिती कॉकपिटमध्ये होती आणि ती बोलूनही दाखवली गेली होती. ऐकणारा ऐकत नव्हता आणि सांगणाऱ्याला त्यापुढे जाऊन विमान हाती घेता आले नाही. वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालावी आणि वरिष्ठाला उलट बोलू नये, या संस्कारात वाढलेल्या तरुणासाठी ही सवय सर्वांत अवघड आहे. ती गटचर्चेच्या आदल्या रात्री येत नाही. प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षकाला पहिला प्रश्न विचारण्यापासून ती सुरू होते, आणि प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवणारा प्रशिक्षक भरतीच्या दिवशी नव्हे, एखाद्या पावसाळी रात्री दोनशे प्रवाशांना महागात पडू शकतो.

मानसिक चाचणीबाबत तर चाललेला प्रकार चिंताजनक आहे. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने आल्प्स पर्वतात जाणीवपूर्वक विमान आदळले आणि १५० जण गेले. त्यानंतर युरोपने नियम केला की, विमान कंपनीने वैमानिकाला नियमित उड्डाणांवर पाठवण्यापूर्वी त्याचे मानसशास्त्रीय मूल्यमापन झालेच पाहिजे. आपल्याकडे काही वर्ग या चाचण्यांची ‘आदर्श उत्तरे’ पाठ करून घेतात: मला कधीच राग येत नाही, मी कधीच चुकत नाही, मला ताण येतच नाही. प्रश्नावल्यांत हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो आणि खोटेपणा बहुधा उघडा पडतो. पण समजा तो उघडा पडला नाही, तर? ज्याने ताण लपवायला शिकून नोकरी मिळवली, तो नोकरीतही ताण लपवेल. पालकांनी अशा वर्गाला पैसे देऊ नयेत, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

फुटलेल्या प्रश्नसंचांचा बाजारही याच जातीचा. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या टिपणांच्या झेरॉक्स विकल्या जातात त्यात गैर काही नाही. अभ्यास वाटून घेण्याची ती जुनी रीत आहे. मागच्या तुकडीला आलेले तांत्रिक प्रश्न जसेच्या तसे पाठ करून कॉकपिटमध्ये जाणे मात्र वेगळे. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर मिळवलेले वैमानिक परवाने उघड झाले, प्रत्यक्ष न उडवता तास नोंदवल्याचे प्रकारही बाहेर आले, अटका झाल्या. तो गुन्हा होता आणि पाठांतर गुन्हा नाही. पण ज्ञानाच्या जागी ज्ञानाचा देखावा उभा करण्याची वृत्ती तीच आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहा पातळ्यांपैकी चौथी पातळी परवान्यासाठी पुरेशी आहे आणि तिच्यात उच्चारांची ऐट मोजत नाहीत. नियंत्रकाला आणि सहकाऱ्याला समजेल असे, थोडक्यात आणि नेमके बोलणे मोजतात. गडचिरोलीच्या मुलीला ते दोन वर्षांत येते. तिला अडवते ते शुल्क, आणि परवान्यानंतरची प्रतीक्षा: हात विसरू नये म्हणून उडत राहायचे तर प्रत्येक तासाला हजारो रुपये, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे नूतनीकरण, त्यासाठी पुन्हा परीक्षण उड्डाण. श्रीमंत घरातला उमेदवार प्रतीक्षेतही ताजा राहतो, गरिबाचा हात गंजतो आणि भरतीच्या दिवशी तो गंज कौशल्याचा अभाव म्हणून नोंदवला जातो.

यात महाराष्ट्राला करण्यासारखे पुष्कळ आहे, कारण हे राज्य उड्डाण प्रशिक्षणाचे मोठे केंद्र झाले आहे. गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, बारामती, धुळे, जळगावात विमाने शिकाऊ हातांनी उडतात, आणि अमरावतीत वर्षाला १८० वैमानिक घडवण्याचे उद्दिष्ट ठेवून एअर इंडियाची संस्था उभी राहत आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मराठी मुले कमी जातात हे दिसल्यावर याच राज्याने १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली, आणि आता मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था आहे. नागरी वैमानिकांसाठी एवढ्या मोठ्या वास्तूचीही गरज नाही. प्रत्येक महसुली विभागात एक चाचणी केंद्र, बारावीनंतर नाममात्र शुल्कात क्षमता चाचणी आणि निकाल समजावून सांगणारा जाणकार, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. त्यात उत्तम ठरलेल्या गरीब मुलांच्या शुल्काची आणि परवान्यानंतरच्या सरावाची जबाबदारी सरकारने आणि राज्यात संस्था चालवणाऱ्या कंपन्यांनी वाटून घ्यावी.

डीजीसीएने २०२५ मध्ये प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी काढली. वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही, हे प्रामाणिकपणे जाहीर केले, याबद्दल त्यांचे अभिनंदन. आता त्या क्रमवारीसोबत प्रत्येक संस्थेतून किती विद्यार्थ्यांनी किती महिन्यांत परवाना मिळवला आणि त्यांतल्या किती जणांना विमान कंपनीत नोकरी लागली, हे दरवर्षी छापले पाहिजे. प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वी स्वतंत्र यंत्रणेने घेतलेल्या क्षमता चाचणीचा निकाल विद्यार्थ्याच्या हाती असणे बंधनकारक व्हावे. आणि विमान कंपन्यांनी नाकारलेल्या उमेदवाराला दोन ओळींचा ईमेल पाठवून मोकळे होण्याऐवजी तो कोणत्या भागात कमी पडला हे लेखी कळवावे. ती माहिती त्यांच्या संगणकात आधीच असते. ती देण्याला छपाईचाही खर्च नाही.