संपकऱ्यांच्या घरी चूल पेटायला हवी

मार्च २०२१मध्ये यांगूनच्या रेल्वे वसाहतीत सैनिक शिरले. संपावर गेलेल्या कर्मचाऱ्यांची कुटुंबं हाताला लागेल ते सामान घेऊन क्वार्टर्सबाहेर पडली. १ फेब्रुवारीला लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं, तेव्हापासून या लोकांनी गाड्या चालवायला नकार दिला होता. पगार आधीच थांबला होता, आता डोक्यावरचं छप्परही गेलं.

म्यानमारच्या लढ्याची आठवण निघाली की तीन बोटं उंचावलेली तरुण गर्दी डोळ्यांसमोर येते. ती गर्दी लष्कराने पहिल्या काही आठवड्यांतच गोळ्या घालून पांगवली. तरीही लढा चालू राहिला, कारण हजारो घरांनी पगाराविना जगायचं ठरवलं. सुरुवात सरकारी इस्पितळांतल्या डॉक्टरांनी केली. मग शिक्षक, बँकांतले कारकून, रेल्वेवाले आले. मे महिन्यापर्यंत एक लाखाहून अधिक शिक्षक निलंबित झाले होते. मोर्चाला एक दिवस जाणं आणि महिनोन्‌महिने कामावर न जाणं यांत फार अंतर आहे. दुसऱ्या गोष्टीसाठी घरातल्या प्रत्येकाची तयारी लागते: बायकोची, म्हाताऱ्या आईची, फी थकलेल्या मुलाचीसुद्धा.

म्हणून मला या लढ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती लॉटरी. लष्कराविरुद्ध उभ्या राहिलेल्या भूमिगत राष्ट्रीय ऐक्य सरकारने ऑगस्ट २०२१मध्ये ती काढली आणि उत्पन्नातला ७० टक्के वाटा संपकरी कर्मचाऱ्यांसाठी ठेवला. तिकिटं हातोहात खपली. नोव्हेंबरमध्ये बिनव्याजी रोखे आले, तेही परदेशातल्या बर्मी लोकांनी उचलले. देशात राहिलेल्यांनी विजेची बिलं भरणं थांबवलं, लष्कराच्या कंपन्यांची बिअर आणि सिमकार्डं टाकून दिली. लष्कराला याचा अर्थ बरोबर कळला. मोबाइलवरून मदत पाठवल्याच्या संशयावरून खाती गोठवली गेली, माणसं पकडली गेली.

सप्टेंबर २०२१मध्ये या सरकारने लष्कराविरुद्ध युद्ध पुकारलं. गावं जाळली जात असताना दूर बसून त्यांना अहिंसेचा उपदेश करणं मला जमणार नाही. पण काळजी वाटते ती याची, की बंदुकीची भूक मोठी असते. गोळा होणारा प्रत्येक पैसा तिकडे वळला, तर चार-पाच वर्षं शाळेत न गेलेला तो शिक्षक किती काळ तग धरेल? त्याने हात टेकले की लष्कराचा कारभार सुरळीत होतो, आणि त्यासाठी लष्कराला एकही लढाई जिंकावी लागत नाही.

नेत्यांचं म्हणाल, तर आंग सान स्यू ची बंडाच्या पहाटेच कैद झाल्या. को जिमी १९८८च्या विद्यार्थी उठावापासून लढ्यात होते, आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांनी तुरुंगात काढली. जुलै २०२२मध्ये त्यांना आणि हिप-हॉप गायक, माजी खासदार फ्यो झेया थॉ यांना इतर दोघांसह फाशी दिली गेली. तरी काम थांबलं नाही. मराठी वाचकाला हे नवं नाही. टिळक मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं होते आणि इकडे ‘केसरी’ निघत राहिला.

नेत्या नसताना लढ्याने त्यांची एक घोर चूकही दुरुस्त करायला घेतली. रोहिंग्यांवरच्या अत्याचारांच्या खटल्यात स्यू ची डिसेंबर २०१९मध्ये हेगच्या न्यायालयात लष्कराच्या बचावाला उभ्या राहिल्या होत्या. जून २०२१मध्ये ऐक्य सरकारने रोहिंग्यांना नागरिकत्वाचं वचन दिलं. वचन उशिरा आलं आणि अजून कागदावरच आहे. पण बहुसंख्य बामरांपुरती लोकशाही त्या देशात टिकत नाही, हे निदान मान्य झालं.

मार्च २०२३मध्ये स्यू चींचा पक्ष बरखास्त करून झाल्यावर डिसेंबर २०२५पासून लष्कराने टप्प्याटप्प्याने मतदान घेतलं. त्याला निवडणूक म्हणणं म्हणजे उलथवलेलं सरकार २०२०मध्ये निवडून देणाऱ्या मतदारांचा अपमान आहे. दिल्लीने तो करू नये.

दिल्लीने काय करायला हवं, ते मिझोरामने दाखवलं. केंद्राने मार्च २०२१मध्ये सीमेवरच्या राज्यांना म्यानमारमधून येणारे लोंढे रोखा, आलेल्यांना परत पाठवा असं कळवलं. मिझोरामने ते मानलं नाही. सीमेपलीकडून आलेल्या तीस हजारांहून अधिक चिन लोकांना तिथल्या चर्चेसनी, तरुणांच्या संघटनांनी आणि साध्या कुटुंबांनी सांभाळलं. त्यांत संप करून आलेले शिक्षक आहेत, पोलीसही आहेत. भारतात आजही निर्वासितांसाठी कायदा नाही, त्यामुळे या माणसांचं कायद्यापुढे स्थान काय, याचं उत्तर कुणाकडे नाही. तुमच्या खासदाराला पत्र लिहा आणि हा कायदा कधी आणणार, असं विचारा.