नावं पाच, हात एक

माझं माहेर सांगलीकडचं, सासर देपालपूरचं. घरात मालवी-हिंदी चालते, पण धाकटी पुतणी माझ्याशी मराठीतच बोलते, कारण लहानपणी ती माझ्याच कडेवर वाढली. गेल्या वर्षी ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. एका रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून उठून गेले, तर ओट्यावर लॅपटॉप ठेवून पोरगी उभ्याने टाइप करत होती.

"काकी, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय. बाकीच्यांनी काहीच पाठवलं नाही."

पाच जणांचा गट. विषय सोयाबीनचा. आजूबाजूच्या गावांतल्या तीस शेतकऱ्यांना बियाणं, फवारणी, मंडीतला भाव असं विचारून फॉर्म भरायचे. चोवीस तिने भावाच्या स्कूटीवर मागे बसून, गावोगाव फिरून आणले होते. उरलेले सहा? ते ती त्या रात्री मनाने भरत होती. न भेटलेले सहा शेतकरी, त्यांची जमीन, त्यांचा उतारा, त्यांना मिळालेला भाव. बोलायला तोंड उघडलं, पण तिच्या डोळ्यांखालचं काळं बघून मी चहा ठेवला. ती माझी चूक.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेत इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा पुढे होऊन "आम्ही असं पाहिलं, आम्हाला असं आढळलं" म्हणत बोलला. छान बोलला म्हणे. पाचही जणांना सारखे गुण मिळाले.

घरी ही गोष्ट निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जाने दे बेटा, समाजाचाच मुलगा आहे." जाऊबाई म्हणाल्या, "तुला येतंय ना, मग करून टाकायचं. पुण्यच लागेल." शेजारच्या मावशींनीही मान डोलावली. तर बायांनो, माझं भांडण त्या मुलाशी नाही. या तीन वाक्यांशी आहे.

कोणतं पुण्य? जे काम एखाद्याने केलं नाही त्यावर त्याचं नाव लिहायचं, याला आपण दुकानात काय म्हणतो? आपल्याकडे तर पाप करणं, करवणं आणि त्याला अनुमोदन देणं, तिन्ही मोजतात. पर्युषणात हे आपण ऐकतो, मान हलवतो आणि घरी येऊन पोरीला सांगतो की चौघांच्या नावाखाली तू मुकाट सही कर. वर ते सहा खोटे शेतकरी. एकटीवर पाचांचं ओझं टाकलं की माणूस नुसतं थकत नाही, खोटंही करायला लागतं. त्या रात्री ओट्यापाशी मी तेच पाहत होते.

फुकट बसणारा काही देपालपुरातच जन्मला नाही. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ते मोजमाप 1913 साली छापलं गेलं. एकटा माणूस जेवढं ओढतो ते शंभर धरलं, तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाचा वाटा साधारण एकोणपन्नास निघाला. काही जोर एकमेकांच्या तालात न ओढल्याने वाया जातो, हे खरं. पण 1979 मध्ये अमेरिकेत बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ओरडायला आणि टाळ्या वाजवायला सांगितलं. नुसतं वाटलं की आपल्याबरोबर बाकीचेही ओरडताहेत, तरी माणसाचा आवाज उतरला. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की ज्याचा त्याचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे हे कळलं, की ही ढिलाई जाते.

म्हणजे औषध ठाऊक आहे, आणि ते स्वस्त आहे. कुणी काय केलं ते दिसलं पाहिजे. मध्य प्रदेशात 2021 पासून कॉलेजांत नवं शिक्षण धोरण लागू झालं, प्रोजेक्ट-इंटर्नशिप घरोघरी आली. चांगलंच झालं, पोरी गावांत फिरायला लागल्या. पण पाच नावांना एकच गुण देणारे गुरुजी गटात काम करायला शिकवत नाहीत. जी करते तिला आणखी राबायला शिकवतात, जो करत नाही त्याला बोलायला शिकवतात. प्रत्येकाला वेगळे बोलवा, विचारा, "तू कोणत्या गावाला गेलास? तिथल्या शेतकऱ्याने काय सांगितलं?" दोन मिनिटांत दूध वेगळं, पाणी वेगळं.

आमच्याच तहसिलीत, गौतमपुऱ्याला, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट युद्ध होतं. गौतमपुऱ्याचा तुर्रा, रुणजीचा कलंगी. दारू भरलेली जळती फळं एकमेकांवर फेकतात, माणसं भाजतात. मला ते कधी रुचलं नाही, रुचणारही नाही. पण तिथे घरी झोपून राहून कुणी तुर्रेवाला म्हणवत नाही.

आता पुतणीच्याही पदरात थोडं घालते. त्या चौघांत एक मुलगी लांबच्या खेड्यातून बसने येणारी होती. तिला ही सरळ कामचोर म्हणायची. मी विचारलं, तिला काम दिलं होतंस का? गप्प. त्या दिवसांत तिच्या घरी सोयाबीनची काढणी चालू होती, ती शेतात होती. तिच्या गल्लीतच दहा शेतकरी सापडले असते, फॉर्म तिच्या हातात दिले असते तर ते सहा खोटे लिहावे लागले नसते. पण आमच्या बाईसाहेबांना "माझ्यासारखं कुणाला जमत नाही" याची गोडी लागली होती. ही गोडी मला चांगली ओळखीची आहे. महिला मंडळाच्या स्वामीवात्सल्यात पाचशे पानांचा हिशेब मी एकटीने ठेवते आणि मग कुणी मदत करत नाही म्हणून कुरकुरते, ती मीच. न करणारा आणि करू न शकणारा यांना एकाच काठीने हाकू नये, आणि तिसरा, ज्याला कुणी विचारलंच नाही, त्यालाही.

भांडणाला आपण फार भितो. 1965 मध्ये ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गट कसा घडतो ते मांडलं. आधी माणसं जमतात, मग त्यांच्यात खटके उडतात, मग रीत बसते आणि मग कुठे काम होतं. आपण मुलींना दुसरी पायरी चढूच देत नाही. "वाईट दिसतं" म्हणतो. मग रीत बसणार कशी? पहिल्या आठवड्यात तोंडावर सांगितलेलं वाईट दिसतं, आणि शेवटच्या रात्री उभ्याने केलेलं टायपिंग चांगलं दिसतं?

यंदा पुन्हा गट पडला, आणि पुन्हा तोच इस्त्रीचा शर्ट वाट्याला आला. या वेळी पुतणीने पहिल्याच दिवशी एक कागद केला. पाच नावं, पुढे काम, पुढे तारीख, आणि पाचांच्या सह्या. तारीख चुकली की फोन एकदाच. दुसऱ्यांदा चुकली की सरांना सांगायचं, आणि अहवालात प्रत्येक भागाखाली तो करणाऱ्याचंच नाव. खेड्यातल्या मुलीने आपले फॉर्म सगळ्यांच्या आधी आणून दिले. शर्टवाल्याच्या दोन तारखा गेल्या. पुतणीने सरांना सांगितलं.

त्याच्या आई मंदिरात मला भेटल्या तर जयजिनेंद्रही म्हणाल्या नाहीत. सासूबाई दोन दिवस माझ्यावर रुसून होत्या. त्यांच्या घराशी आमचा व्यवहार जुना आहे. कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे. चार नावांपुढे खुणा झाल्यात, पाचव्या नावापुढची जागा कोरी आहे, आणि सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा आहे. काल रात्री दहाला पुतणी झोपायला गेली.